हँडल तुटलं ते माझं चुकलंच, पण 'चिंध्यां'चं जरा ऐका काका

काका, जुन्या जीन्स-साड्यांच्या माझ्या पिशव्यांवरची तुमची कमेंट परवा रात्री वाचली आणि खरं सांगते आधी रागच आला, म्हणून लगेच काही लिहिलं नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, काकांचं म्हणणं असं की चिंध्यांच्या पिशवीचे साडेपाचशे घेता, सूनबाईने घेतलेल्या पिशवीत पाच किलो बटाटे टाकले तर मंडईतच हँडल हातात आलं, पर्यावरणाच्या गप्पा मारता पण चेन आणि पट्टा प्लॅस्टिकचाच, कापडी पिशवी 7100 वेळा वापरली तरच प्लॅस्टिकपेक्षा फायदा असं परदेशातला अभ्यास सांगतो, आणि वर जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीच्या पोटावर पाय देता.

हँडलचं आधी. चूक माझीच. गेल्या वर्षीच्या लॉटमध्ये मी पट्टा वरच्या दुमडीत घालून नुसत्या दोन सरळ टिपा मारायचे, दिसायला सुबक, पण वजन सगळं त्या दोन टिपांवर आणि खाली कापड जुनं, मग काय, टीप शाबूत राहते आणि कापडच फाटतं. आता पट्टा चांगला दोन इंच खाली आणते, चौकोन शिवून आत फुली मारते आणि आतल्या बाजूने जीन्सचा एक तुकडा लावते. तुमची पिशवी पाठवून द्या, कुरिअरचा खर्च माझा, नीट करून देते.

पण 'चिंध्या' म्हणालात ना, तिथे मात्र भांडणार.

लोकांना वाटतं कापड फुकट म्हणजे पिशवी स्वस्त पडायला हवी. उलटं आहे हो! नवीन कॅनव्हास आणला तर वीस थर एकावर एक टाकायचे, खडूने एकदा आखायचं आणि कटिंग मशीनने एका दमात वीस पिशव्या कापायच्या. जुन्या कपड्यात हे होतच नाही कारण प्रत्येक कपडा वेगळ्या जागी मेलेला असतो. जीन्स घ्या, गुडघे आणि मांड्यांची आतली बाजू विरलेली, चांगलं कापड मिळतं ते पोटऱ्यांच्या मागे आणि मागच्या खिशांच्या आसपास, म्हणजे एका पँटीत एक मध्यम पिशवी आणि नशीब असेल तर एक पाऊच. त्यात हल्लीच्या जीन्स लायक्रावाल्या, त्यांचा पट्टा केला की महिन्याभरात लोंबतो (हेही मी स्वतः चार पिशव्या वाया घालवून शिकले). आणि जिथे दोन जाड शिवणी एकमेकींवर येतात तिथे 16 नंबरची सुईसुद्धा कटकन तुटते, मग ती जागा आधी हातोडीने ठोकून चपटी करायची, आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी विचारतात तुझ्याकडे सुतार आलाय का गं.

साडीचं तर वेगळंच. सहावारी म्हणजे साडेपाच मीटर, ऐकायला भरपूर वाटतं, पण खालची किनार टाचेखाली घासून गेलेली, खांद्यावर पिनेची भोकं, आणि रेशमी काठपदर असेल तर ती न नेसताच जाते, कपाटात वर्षानुवर्षं एकाच घडीवर पडून त्या घडीच्या रेघेवर चिरते. बाहेरून अगदी नवी दिसते, हाताने ताणली की टर्रकन! म्हणून रेशमाला मागून सुती अस्तर चिकटवून मगच शिवायला घेते. एवढं सगळं म्हणजे धुणं, उसवणं, उजेडात धरून विरलेलं बघणं, काठ जुळवणं, यात अर्धा दिवस जातो आणि शिवायला लागतो फार तर सव्वा तास. साडेपाचशेतले दीडशे शिवणाऱ्या ताईंचे, शंभरेक चेन, रनर, कड्या, अस्तरात, उरलेल्यात माझा तो अर्धा दिवस आणि मशीनचं तेलपाणी. महाग वाटत असेल तर नका घेऊ, मला राग नाही, पण चिंध्या म्हणू नका.

चेन आणि पट्ट्याबद्दल तुमचं बरोबर. पुण्याच्या बोहरी आळीतून रोलने चेन आणते ती नायलॉनची आणि पट्टाही तसलाच. सुती पट्टा वापरून बघितला, धुतल्यावर आटतो आणि पिशवी तिरकी लटकते. त्यामुळे 'शंभर टक्के प्लॅस्टिकमुक्त' असं मी आधीच्या एका पोस्टमध्ये लिहिलं होतं ते आजच काढून टाकलंय.

तो 7100 चा आकडा 2018 च्या डेन्मार्कच्या अभ्यासातला. पण तो नव्या कापसाच्या पिशवीचा आहे काका, म्हणजे शेतातल्या पाण्यापासून सूत, विणकाम सगळं धरून, आणि ओझोनपासून सगळी नुकसानं मोजून. फक्त हवामानबदल धरला तर त्याच अभ्यासात तोच आकडा 52 येतो. माझ्याकडची साडी कुणीतरी पंधरा वर्षं नेसलेली असते, तिचा कापूस माझ्या पिशवीसाठी पिकवलेला नाही. आकडा लावायचाच तर कॉन्फरन्समध्ये फुकट वाटतात त्या कोऱ्या पिशव्यांना लावा, घरोघरी दारामागे दहा-दहा लटकलेल्या असतात. आणि 2018 ला आपल्याकडे प्लॅस्टिकबंदी आल्यावर दुकानदार ज्या रंगीत कापडासारख्या पिशव्या देऊ लागले ते कापड नाहीच, पॉलिप्रॉपिलीन आहे, काडी लावून बघा वितळते.

बोहारणीचं मात्र मनाला लागलं. आमच्याकडे येणाऱ्या मावशींना अख्खा शर्ट, धड साडी लागते, पुढे विकायची असते ना. फाटकं त्या घेत नाहीत, घेतलं तरी एका पातेल्यावरून तासभर घासाघीस. मला फाटकंच चालतं. उलट त्यांच्या गाठोड्यातून नापास झालेल्या जीन्स मीच त्यांच्याकडून नगाला चाळीस-पन्नास देऊन घेते. त्यांचं खरं दुखणं वॉचमन आहेत, नव्या सोसायट्यांमध्ये गेटच्या आत सोडत नाहीत.

शेवटी तुम्ही लिहिलंय की काकूंच्या आईची नऊवारी लुगडी ट्रंकेत पडून आहेत, कितीला घ्याल. नाही घेणार. इतकं मऊ सूत पिशवीत टिकत नाही, बटाट्यांना तर नाहीच नाही. त्याची गोधडी करा, आत जुनी धोतरं घाला आणि हातानेच धावदोरा घाला, मशीनवर नको, कडक होते. काकूंना जमत नसेल तर आमच्या ताई शिवतात, फक्त पावसाळ्याआधी द्या, नंतर वाळत नाही.