जरा सरकता का?

अरुंद स्वयंपाकघर ओळखायला टेप लागत नाही. ज्या घरात ‘जरा सरकता का?’ हे वाक्य चहापासून ताकापर्यंत अखंड चालू असतं, ते स्वयंपाकघर अरुंद. सकाळी त्या वाक्यात ‘जरा’ही असतं आणि ‘का’ही असतं. दुपारपर्यंत नुसतं ‘सरका’ उरतं. संध्याकाळी मोहरी तडतडायला लागली की तेही जातं आणि काम भुवयांवर भागतं.

पुण्यातल्या पेठांतले वाडे घ्या नाहीतर गिरगाव-दादरच्या जुन्या इमारती, ५ फूट रुंद आणि ९ फूट लांब स्वयंपाकघर काही दुर्मीळ नाही. वर छत मात्र १० फुटांवर. म्हणजे बांधणाऱ्याने जागा दिली नाही असं म्हणता येत नाही. दिली, पण उभी दिली. पोळ्या आडव्या लाटायच्या असतात, हे त्याला कुणी सांगितलं नसावं.

अशा घरात आलेला प्रत्येक पाहुणा पहिल्या पाच मिनिटांत वास्तुविशारद होतो आणि चहाचा कप हातात धरून म्हणतो, “ही भिंत पाडून टाका की. ओपन किचन!” ती भिंत बहुधा १४ ते १८ इंच जाड असते आणि वरच्या मजल्याच्या तुळया तिच्यावर टेकलेल्या असतात. ती पाडली तर आपलं किचन ओपन होईलच, वरच्या बिऱ्हाडाचंही होईल. स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय अशा भिंतीला हात लावू नये. भाड्याची किंवा पागडीची जागा असेल तर मालकाच्या परवानगीचं वेगळंच पुराण आहे. त्यापेक्षा पाहुण्याला दुसरा कप द्यावा.

भिंती हलणार नाहीत हे एकदा मान्य केलं की मग खरी गोष्ट दिसायला लागते. खोली पाच फुटांची असते, पण आपल्या वाट्याला येते ती तीनच फुटांची, आणि उरलेले दोन फूट कोपराला लागत असतात. जमिनीलगत काय ठेवलंय, छताखाली काय टांगलंय, याचं शरीराला फारसं देणंघेणं नसतं. भांडण होतं ते जमिनीपासून ३ ते ५ फुटांच्या पट्ट्यात. तिथे कोपर, खांदा, फ्रिजचं हँडल आणि खुंटीवरची पिशवी एकाच वेळी हजर असतात. खर्च करायचा तो हा पट्टा मोकळा करण्यावर. बाकीचं सगळं नंतर.

आधी माप. जुन्या घरात एकही कोपरा काटकोनात नसतो, ही गोष्ट ग्रॅनाइट कापून आणल्यावर कळते. दगड सरळ येतो आणि भिंत आपल्या चालीने गेलेली असते, मग एका टोकाला अंगठाभर फट पडते. तिच्यात पुढची कित्येक वर्षं शेंगदाण्याची सालं मुक्काम करतात. म्हणून रुंदी तीन ठिकाणी मोजायची, मागे, मध्ये आणि दाराशी, आणि त्यातलं सगळ्यात लहान माप खरं धरायचं. काटकोन तपासायला गुण्या, म्हणजे सुताराची काटकोनी पट्टी, लहान पडतो. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर आणि दुसरीवर ४ फुटांवर खूण करायची. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर ५ फूट आलं तर काटकोन. माझा अंदाज, येणार नाही. उभ्यासाठी ओळंबा सोडावा. तो बघून कारागीर ‘चालतंय’ म्हणाला, तर ते चालत नाहीये असं समजावं.

सगळ्यात स्वस्त जागा दारामागे असते. अडीच फुटांचं दार आत उघडतं तेव्हा फरशीवर पाव वर्तुळ आखून घेतं, म्हणजे जवळजवळ ५ चौरस फूट. ४५ चौरस फुटांच्या खोलीतून एवढी इस्टेट एका लाकडी फळकुटाच्या नावावर असते. बिजागऱ्या काढून दार बाहेर उघडेल असं फिरवणं हे सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम. चौकटीत नव्या बिजागरीची खाच मारण्याआधी जुनी खाच लाकडाच्या गुटक्याने भरायला सांगा, नाहीतर स्क्रू हवेत बसतो आणि दार महिन्याभरात मान टाकतं. दार काढूनच टाकलं तर आणखी बरं. फक्त सुक्या मिरच्यांचा ठसका मग बैठकीपर्यंत पोचतो आणि पाहुणे लवकर उठतात. यात तोटा कोणता, हे ज्याचं त्याने ठरवावं.

जर्मनीत १९२६ साली मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या स्वस्त घरांसाठी स्वयंपाकघर आखलं ते साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटर, म्हणजे जेमतेम सव्वासहा फूट बाय अकरा फूट. त्यांनी रेल्वेच्या भोजनयानातला मुदपाकखाना अभ्यासला होता आणि दार सरकतं ठेवलं होतं. जगभरच्या मॉड्युलर किचनची ही आजी. तिला पाच फुटांचं स्वयंपाकघर दाखवलं असतं तर तिनेही आधी दारच काढलं असतं, असं आपलं मला वाटतं.

आता ओटा. नेहमीचा ओटा २४ इंच खोल. ६० इंचांतून २४ गेले, ३६ उरले. त्याखाली २० इंची ट्रॉली पूर्ण बाहेर ओढली की मोकळे राहतात १६. एवढ्या फटीत उभं राहून वाकायचं आणि तळाची कढई काढायची, हा योगासनाचा प्रकार आहे. ओटा तोडून नवा घालणं स्वस्तात बसत नाही, म्हणून तो असू द्यावा. पण घालायचाच झाला तर २१ इंच खोल घालावा. दोन बर्नरची शेगडी त्यावर आरामात बसते. सिंक मागून-पुढे १६ इंचांचं घ्यावं आणि नळ भिंतीतून काढावा, नाहीतर नळामागे बोटही जात नाही आणि तिथे शेवाळ संसार थाटतं. ट्रॉलीची चॅनल, म्हणजे ती ज्यांवर सरकते त्या पट्ट्या, २ इंचांच्या फरकाने मिळतात. १८ इंची घेतलं की समोर २१ इंच उरतात आणि माणूस माणसासारखा वाकतो.

ओट्याखालचे उभे कडप्पे सारख्या अंतरावर असतील असं धरून चालणारा माणूस आशावादी म्हणायचा. प्रत्येक खण वेगळा मोजायचा, तोही वर आणि खाली. कडप्प्याला भोक पाडताना ड्रिलचा हातोडा बंद ठेवायला सांगा, नाहीतर कडेचा टवका उडतो आणि सगळे मिळून तो टवका शोधत बसतात. सिलेंडरच्या खणाला दार लावणार असाल तर त्या दाराला तळाशी जाळी हवीच, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर खाली साचतो. नळी दीड मीटरपेक्षा लांब नको. ‘सिलेंडर गॅलरीत आणि नळी खिडकीतून’ ही युक्ती कितीही चतुर वाटली तरी नको.

समोरच्या भिंतीवर कपाट करायचा मोह सगळ्यांना होतो. एक फूट खोल कपाटात बरण्या दोन ओळींत बसतात. मागच्या ओळीत काय आहे हे फक्त पहिल्या वर्षी आठवतं, नंतर ते उत्खनन होतं. त्याऐवजी ४ इंची फळी. पहिली जमिनीपासून ५ फुटांवर, दुसरी तिच्यावर ९ इंचांनी. दाराची जागा सोडून ६ फूट लांबी मिळाली तर साडेतीन इंची बरण्या एका फळीवर वीस बसतात, दोन फळ्यांवर चाळीस. चाळीस बरण्यांत मावत नाही असा स्वयंपाक रोज कुणाकडे होत नाही. फळी अरुंद असल्याने डोकं आपटत नाही आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोपर मोकळं राहतं.

या फळ्या पडतात त्या वजनाने नाही, प्लगने, म्हणजे स्क्रू धरायला भिंतीत ठोकतात त्या नळीने. जुन्या चुन्याच्या गिलाव्यात आखूड प्लग मारला की भोकातून भुगा येतो आणि स्क्रू गोल गोल फिरत राहतो. ५० ते ६० मिलिमीटरचा लांब प्लग विटेत गेला पाहिजे, दोन विटांमधल्या सांध्यात नाही. भिंत मातीची असेल तर आधी लाकडी गुटका बसवून घ्यावा. ब्रॅकेट दर दोन फुटांवर. वाड्याच्या जाड भिंतीत कोनाडा असेल तर मात्र देव पावला. तो प्लायने झाकू नका. आत काचेची एक फळी टाका. भिंतीच्या आत मिळालेली ती नऊ-दहा इंच जागा शेजाऱ्यालाही सरकवत नाही.

उजेडाबद्दल मी जरा हट्टी आहे. जुन्या स्वयंपाकघरात दिवा पाठीमागे, दारावर. त्यामुळे ओट्यावर जे पडतं ती आपलीच सावली, आणि माणूस आयुष्यभर स्वतःच्या अंधारात कांदा चिरतो. ओट्यावरच्या फळीखाली एलईडी पट्टी लावली की ओट्यामागची भिंत उजळते, आणि भिंत उजळली की ती हातभर मागे गेल्यासारखी वाटते. बारा व्होल्टची, मीटरला १० वॅटची पट्टी घ्यावी. ८ फुटांना अडीच मीटर लागते, म्हणजे २५ वॅट. अडॅप्टर १२ व्होल्ट ३ अँपियरचा, ३६ वॅटचा. नेमका २ अँपियरचा आणलात तर तो तापतो, लुकलुकतो आणि पूर्णब्रह्म शिजायच्या आत ब्रह्मलीन होतो. पट्टी ॲल्युमिनियमच्या पन्हाळीत, झाकणासकट बसवावी. नुसती चिकटवली तर वाफेने सुटून आमटीत डोकावते. ती फळीच्या पुढच्या कडेला लावायची, भिंतीला चिकटून नाही. रंग ४००० केल्विन. फार पिवळ्या उजेडात दुधात हळद घातली की नाही ते कळत नाही, आणि फार पांढऱ्यात श्रीखंडसुद्धा आजारी दिसतं.

रंग हा खरा जुगार. आपल्याकडे रंग दिवाळीच्या आधी काढायची पद्धत. म्हणजे पावसाळाभर पाणी प्यालेली भिंत अजून ढेकर देत असते तेव्हा. त्यावर प्लॅस्टिक पेंट मारला की आतली ओल अडकते आणि संक्रांतीपर्यंत पोपडे तिळगूळ मागायला बाहेर येतात. फूटभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून दिवसभर ठेवावा. आतल्या बाजूला थेंब आले तर भिंत ओली आहे. आधी गळती शोधा, रंगाचा डबा बंद ठेवा. कमरेपर्यंत जुना ऑइल पेंट असेल तर तो घासून, प्रायमर मारूनच पुढे जा. तुकतुकीत ऑइलवर नवा रंग धरत नाही, सालीसारखा निघतो. तो कमरेवरचा हिरवा पट्टा जायलाच हवा, कारण तो बरोबर कोपराच्या उंचीवर खोलीला करकचून बांधतो. भिंती आणि छत एकाच फिकट रंगाचे, आणि टोकाची आखूड भिंत एक छटा गडद. त्याने बोगदा आखूड भासतो. टाइल्स, दार, खिडकी वगळून दोन हातांना साधारण दोन लिटर रंग पुरतो. चकचकीत नको. हाताने केलेल्या गिलाव्याचा प्रत्येक उंचवटा त्यात मिरवतो.

आरसा खिडकीच्या समोर लावला तर खिडक्या दोन होतात. शेगडीमागे लावला तर तेलाचे शिंतोडे दोन होतात. शेगडीमागे रंगवलेली टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली काच चांगली, पण ती टफन झाल्यावर कापता येत नाही की भोक पाडता येत नाही. म्हणून मिक्सरच्या प्लगचं भोक आधी मोजून द्या. काच भिंतीला लावल्यावर ‘इथे बोर्ड होता ना?’ असं कुणीतरी म्हणतंच. सहा इंची एक्झॉस्ट पंखा एवढ्या खोलीला पुरे, मात्र बाहेरची हवा आत यायला दाराखाली बोटभर फट लागते.

आणि डबे. कुणाच्या तरी लग्नातलं २५ माणसांचं पातेलं, झाकण हरवलेले श्रीखंडाचे डबे, डबा हरवलेली श्रीखंडाची झाकणं. यावर प्लाय, पट्टी, आरसा काहीही चालत नाही. वर्षातून एकदा लागणारं माळ्यावर आणि वर्षभरात न लागलेलं घराबाहेर, एवढं करायला पैसा लागत नाही. लागतो तो धीर, आणि तो हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही.

शेवटी फळीची खूण करताना एक माप मात्र सांभाळा. त्या भिंतीवर कॅलेंडर असतं. दूध कुठल्या दिवशी आलं नाही, सिलेंडर कधी लावला, कामवाल्या मावशींचे खाडे किती, हे सगळं त्यावर असतं. त्याची जागा सोडूनच ब्रॅकेट मारा. तेवढं एकच या घरात कुणी सरकवू देत नाही.