हिवाळी वेळ आणि दिवाळी अंक

लंडनमध्ये राहणाऱ्यांना ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे, घड्याळे उन्हाळी वेळेवरून हिवाळी वेळेवर मागे सरकतात तेव्हा, एक तास फुकट मिळतो, असे म्हणतात. २०२३ साली मला तो चांगलाच महागात पडला.

शनिवारी, २८ ऑक्टोबरला, दिवाळी अंकासाठीचा लेख मी रात्री ११.५० वाजता संपवला, लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह यांचा मेळ घालणारा प्रोग्राम चालवून त्याची प्रत काढली, आणि मग शेवट न आवडल्यामुळे साडेबारापर्यंत जागून तो लॅपटॉपवर नव्याने लिहिला. सकाळी प्रोग्राम पुन्हा चालवला आणि लेख उघडून पाहतो, तर शेवट जुनाच! घरात मराठी लिहिणारे दुसरे कोणी नसल्यामुळे संशय घ्यायलाही माणूस उरला नाही.

खोदकाम केल्यावर उलगडा झाला. लॅपटॉपची डिस्क फाईलची वेळ जागतिक वेळेत, म्हणजे यूटीसीत, नोंदवते; लंडनची उन्हाळी वेळ तिच्या एक तास पुढे असते. माझा पेनड्राइव्ह मात्र फाइली साठवण्याच्या जुन्या वळणाच्या, फॅट ३२ नावाच्या पद्धतीचा. तो स्थानिक घड्याळात दिसेल तेच टिपून घेतो, आणि ती वेळ उन्हाळी की हिवाळी याची नोंदच ठेवत नाही. (टिपतो तेही दोन-दोन सेकंदांच्या टप्प्याने, विषम सेकंद त्याच्या गावीही नाहीत.) पहाटे दोनचा एक झाला, आणि यूटीसीने १०.५० ची असलेली ती प्रत विंडोजला ११.५० ची वाटू लागली. माझा साडेबाराचा नवा शेवट यूटीसीने ११.३० चा. वयाने थोरली प्रत अशी वीस मिनिटांनी धाकटी ठरली, आणि ‘नवी ती खरी’ एवढेच जाणणाऱ्या प्रोग्रामने ती माझ्या लेखावर चढवली. अंक जुन्याच शेवटासह निघाला. संपादकबाईंना नेमका तोच फार आवडला, हे दुःख वेगळे.

घड्याळे सरकवण्याची सूचना १९०७ मध्ये करणाऱ्या विल्यम विलेट यांची मूळ योजना दर खेपेस वीसच मिनिटे सरकवण्याची, अशी चार रविवारांची होती. ती स्वीकारली गेली असती, तर माझा लेख वीस मिनिटांच्या फरकाने बचावला असता.

हल्ली मी रोबोकॉपी ही विंडोजची फाइलींची नक्कल करणारी आज्ञा वापरतो. एका तासाच्या या फरकाकडे काणाडोळा करण्याची सूचना तिला देता येते. डिसेंबरात पुण्याला आल्यावर लॅपटॉपला भारतीय वेळ लावली, तेव्हा पेनड्राइव्हवरच्या साऱ्या प्रती एकदम साडेपाच तासांनी म्हाताऱ्या झाल्या आणि फाइलींची आमूलाग्र नक्कल पुन्हा सुरू झाली. ती संपण्याची वाट पाहत होतो, तोच आईने पान वाढल्याची हाक दिली. स्वयंपाकघरातले, तिने मुद्दाम दहा मिनिटे पुढे ठेवलेले घड्याळ साडेआठ दाखवत होते.