देवाविना प्रदक्षिणा

आपल्याकडे माणूस डोंगर चढतो, तो वर काहीतरी असतं म्हणून. किल्ला असतो, टाकं असतं, शेंदूर फासलेला मारुती असतो. यातलं काहीच नसेल तर ताडपत्री बांधून लिंबू सरबत विकणाऱ्या मावशी तरी असतातच. खाली उतरलं की पिठलं-भाकरी. घामाचा हिशेब तिथल्या तिथे लागतो. फ्रान्समध्ये सकाळी पार्किंगमधून निघतात, पाच तास चालतात आणि त्याच पार्किंगमध्ये परत येतात. मध्ये झाडं असतात, पण झाडं काय पार्किंगमध्येही असतात. सगळी प्रदक्षिणा यथासांग, फक्त देव नाही.

बायकोच्या नोकरीपायी आम्ही मोरे-स्यूर-ल्वँ या गावी राहायला आलो. पॅरिसच्या गार द लियों स्टेशनातून निघालेली आर लाइनची गाडी तासाभराच्या आत इथे आणून सोडते. गावाच्या एका अंगाला ल्वँ नदी, दुसऱ्या अंगाला फाँतेनब्लोचं जंगल. अशा गावात रविवारी घरात बसणारा माणूस एकतर आजारी असतो किंवा परदेशी. शेजारच्या बाईंनी काही महिने मला दोन्हींचा फायदा दिला आणि मग एका संध्याकाळी चालणाऱ्यांच्या मंडळाचा फॉर्म आणून हातात ठेवला. बाई मंडळाच्या अध्यक्ष निघाल्या. वय सत्तरीपुढे, पोटऱ्या तिशीतल्या.

फॉर्मसोबत डॉक्टरचा दाखला जोडायचा होता. डॉक्टरांनी छाती तपासली, रक्तदाब घेतला, उठाबशा काढायला लावल्या आणि लिहून दिलं की या इसमाने पायी चालण्यास वैद्यकीय आडकाठी दिसत नाही. म्हणजे लहानपणापासून मी जे काही चाललो, ते सगळं विनापरवाना.

सुरुवात नदीकाठाने झाली. "अगदी सपाट आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. नदीकाठ सपाट होता हे खरं. नदीला लागून अठराव्या शतकात खणलेला कालवा आहे. जुन्या काळी काठावरून माणसं आणि घोडे दोराने पडाव ओढत नेत, त्या ओढवाटेवरून आम्ही चाललो. वाट घोड्यांची आणि मंडळाचा वेगही त्यांचाच. समोरून येणाऱ्या प्रत्येकाला 'बोंजूर' म्हणायचं असतं. पॅरिसच्या मेट्रोत शेजाऱ्याला बोंजूर म्हटलं तर तो बॅग छातीशी धरतो, पण इथे नाही म्हटलं तर आपले संस्कार निघतात. अरुंद वाटेवर दुसरं मंडळ आडवं आलं की दहा मिनिटं नुसता बोंजूरांचा पाऊस. दम लागलेल्या माणसाला तो 'बों'वरच सोडून द्यावा लागतो. गळ टाकून बसलेले लोक तेवढे उत्तर देत नाहीत. त्यांच्याबद्दल मला तेव्हापासून आदर आहे.

मोरेचा पूल, पाणगिरण्या आणि चर्च आल्फ्रेड सिस्लेने पुन्हा पुन्हा रंगवलं आहे आणि त्या त्या जागी त्याच्या चित्रांच्या प्रतिकृतींचे फलक लावलेत. फलकापाशी थांबायची मुभा असते, त्यामुळे सिस्ले माझा आवडता चित्रकार झाला. जन्म पॅरिसचा, आईबाप इंग्रज, उभी कारकीर्द फ्रान्समध्ये, १८९९ साली वारला तोही मोरेतच. पण फ्रेंच नागरिकत्व काही त्याला शेवटपर्यंत मिळालं नाही. राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण अडकलेला मी त्या फलकांसमोर अंमळ जास्तच रेंगाळतो. मला प्रकाशाचा खेळ कळतो, असं अध्यक्षबाईंचं मत झालं आहे.

नदी परवडली असं वाटायला लावतं ते जंगल. तिथली सगळ्यात उंच जागा १४४ मीटरच्या आसपास. कळसूबाईच्या १६४६ मीटरवर नारळ फोडून आलेल्या माणसाने हे वाचून हसू नये तर काय करावं? पण फाँतेनब्लो उंचीने मारत नाही, वाळूने मारतं. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. तो गेला, वाळू राहिली, तीही इतकी शुद्ध की काच करणारे घेऊन जात. वर वालुकाश्माच्या प्रचंड शिळा. पाऊल एक टाकावं तर अर्धं मागे येतं. पश्चिमेकडे त्रुआ पिन्यों भागात 'पंचवीस टेकाडं' म्हणून लाल खुणांचा एक फेरा आहे, सोळाएक किलोमीटरचा. ("अगदी सपाट नाही," एवढंच अध्यक्षबाई म्हणाल्या होत्या.) एकेक टेकाड दिसायला किरकोळ. चढायचं, उतरायचं, लगेच पुढचं चढायचं, आणि पंचविसावं संपलं की आपण पुन्हा पार्किंगमध्ये. आल्प्सला निघालेले पॅरिसकर तिथे सराव करतात. आमच्या मंडळातली पेन्शनर मंडळी कशाचा सराव करत होती, ते विचारायला मला श्वास मिळाला नाही.

या सगळ्याला एक माणूस जबाबदार आहे, आणि त्याचं नाव उपलब्ध आहे: क्लोद-फ्राँस्वा देनकूर. नेपोलियनच्या सैन्यातला शिपाई, पुढे फाँतेनब्लोच्या बराकीचा रखवालदार. राजकीय मतांपायी ती नोकरी गेली आणि गडी रिकामा झाला. १८४२ पासून त्याने जंगलात वाटा आखायला घेतल्या, खडकांवर निळे बाण काढले, पायऱ्या खोदवल्या, स्वतःचे पैसे ओतले आणि दीडशेच्या आसपास किलोमीटर वाटा करून ठेवल्या. जगात निव्वळ हिंडण्यासाठी खुणा करून दिलेल्या पहिल्यावहिल्या वाटांत यांची गणना होते. १८५५ साली साहित्यिकांनी त्याच्या गौरवार्थ एक संग्रह काढला. निसर्गावर काहीतरी द्या, म्हणून कवी बोदलेअरला गळ घातली, तर त्याने शहरातल्या संध्याकाळीवर आणि पहाटेवर कविता पाठवल्या आणि सोबत कळवलं की वनस्पती बघून आपल्याला गहिवर येत नाही. बोदलेअर मला एरवी फारसा कळत नाही. पण कुणीतरी त्याला या वाटांवरून बळंच चालवलं असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

देनकूरचे निळे बाण आता एकटे नाहीत. लांब पल्ल्याच्या वाटेला पांढरा-लाल पट्टा, छोट्या वाटांना पिवळा, जंगलाच्या मोठ्या फेऱ्याला हिरवा-पांढरा, शिवाय झाडांवर वनखात्याच्या आपल्या वेगळ्या खुणा. फुली दिसली तर तिकडे जायचं नाही. ती नेमकी दोन्ही वाटांवर दिसते, आणि मंडळ थांबतं. सगळ्यांकडे आयजीएन या सरकारी नकाशासंस्थेचा तोच २४१७ ओटी नकाशा, सगळ्यांच्या फोनमध्ये तोच मार्ग, तरी जितकी डोकी तितकी मतं. निवृत्त इंजिनियर म्हणतात, डावीकडे. निवृत्त नोटरी म्हणतात, डावीकडे असं आत्ताच म्हणणं घाईचं होईल. दिवसातला हा माझा सगळ्यात सुखाचा काळ, कारण बसायला मिळतं. चर्चा निवते आहे असं दिसलं की मी "पण नकाशा छापल्यानंतर वाट बदलली असेल तर?" एवढी काडी टाकतो आणि बूट सैल करतो.

बारा वाजता मात्र एकमत होतं. वाद, चढ, पाऊस, काहीही चालू असो, बाराच्या ठोक्याला मंडळ खडकावर बसलेलं असतं. वजन नको म्हणून पाणी अर्धी बाटली घेणारी ही माणसं पाठपिशवीतून वाईनची काचेची बाटली काढतात. मग सॉसेज, घडीचा चाकू, उकडलेली अंडी, मोहरी, कुणाच्या तरी घरचा केक. मी थालीपीठ काढलं. भाजणी सासूबाईंनी पाठवलेली. थालीपीठ हातोहात फिरलं, उन्हात धरून पाहण्यात आलं, आणि यावर कुठलं चीज जाईल यावर परिसंवाद झडला, तो चव घेण्याच्या आधी. आमचा जिल्हा ब्री चीजचा, त्यामुळे निकाल ठरलेला होता. नोटरींनी मलँचं ब्री जाड थरात फासून पहिला घास मला दिला. थालीपीठावर ब्री! हे सासूबाईंच्या कानावर जाता कामा नये. ते चांगलं लागलं, हे तर मुळीच नाही. शेवटी मोरेच्या जोगिणींची बार्ली शुगर वाटली गेली. ही गोळी १६३८ पासूनची आहे आणि चढाआधी तोंडात धरायची असते. देव नाही म्हणून मी उगाच कुरकुरत होतो. देव होता, फक्त दर्शनाची वेळ बाराची.

मंडळाच्या पुढे एक म्होरक्या असतो आणि अगदी शेवटी एक 'सेर-फील'. कुणी मागे राहिलं नाही ना, हे पाहणं त्याचं काम. नियम असा की झुडपाआड जायची वेळ आली तर पाठपिशवी वाटेवर ठेवून जायचं. पिशवी दिसली की सेर-फीलने थांबायचं. पिशवीकडे बघायचं, झुडपाकडे बघायचं नाही. हे पद इंजिनियरांकडे होतं, आणि वार्षिक सभेत त्यांनी तक्रार मांडली की माझ्या मागे राहायचं तर चालून भागत नाही, उभं राहावं लागतं. अध्यक्षबाईंनी तोडगा काढला: जो स्वभावतःच शेवटी असतो त्यालाच पद द्यावं. ठराव सकाळी अकरा वाजता एकमताने मंजूर झाला. आता मला चकाकणारं पिवळं जाकीट आहे, शिट्टी आहे. बायकोने फोटो घरी पाठवला, तर सासूबाईंनी विचारलं, जावईबापू तिकडे ट्रॅफिकला लागले का? विचारू देत. मी थांबलो तर देखरेख, बसलो तर बंदोबस्त.

पावसाळी ऑक्टोबरात नोटरींची पिशवी वाटेवर वरचेवर दिसू लागली. वयोमानाने होत असेल, म्हणून मी सहानुभूतीने उभा राहायचो. एकदा ते झुडपातून आले ते टोपी दोन्ही हातांत धरून, आणि टोपीत मातीसकट सेप अळंबी. इथे माणूस मृत्युपत्रात घर लिहून देईल, पण अळंबीची जागा पोटच्या पोराला सांगणार नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीकडे पाहिलं, कारण नियमच तसा आहे. संध्याकाळी आमच्या दाराच्या मुठीला कागदी पिशवीत तीन अळंबी लटकत होती.

मी ती आधी फार्मसीत नेली. इथले औषधवाले अळंबी ओळखून देतात, आणि लाच असली तरी ती विषारी नसल्याची खात्री केलेली बरी. फार्मसीतल्या बाईंनी तिन्ही उलटून पाहिली, हुंगली, उत्तम आहेत म्हणाल्या. मग काउंटरवरून पुढे वाकून आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "कुठे सापडली?"

पदाच्या गोपनीयतेमुळे सांगता येत नाही, असं मी त्यांना कळवलं.