शिक्षणाचे व्हाउचर आणि वर्दीची रिक्षा

बडोद्यातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या, म्हणजे महापालिकेच्या शाळा बंद कराव्यात, त्यांच्यावरचा खर्च व्हाउचरच्या, म्हणजे कोणत्याही शाळेत फी म्हणून चालणाऱ्या सरकारी चिठ्ठीच्या रूपाने थेट पालकांच्या हाती द्यावा, शाळांनी दुकानांप्रमाणे गिऱ्हाइकासाठी झटावे, म्हणजे शिक्षणातला गरीब-श्रीमंत भेद आपोआप मिटेल, असा त्याचा आशय आहे. दाखल्याला चिली आणि स्वीडन आहेत, आणि शेवटी सयाजीराव महाराजांचेही नाव घेतले आहे. समितीच्या काही शाळांची अवस्था पाहून चीड येणे स्वाभाविक आहे, त्यामुळे लिहिणाऱ्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. दाव्यांबद्दल मात्र आहे.

पहिला दावा असा, की पैसा हाती आला की गरीब पालकही श्रीमंतांप्रमाणेच शाळा निवडू शकेल. याची छोटी परीक्षा आपल्याकडे चालूच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२ नुसार खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांना द्याव्या लागतात आणि त्यांचा परतावा सरकार देते, म्हणजे हे नाव न दिलेले व्हाउचरच आहे. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंच्या मुलीचा अर्ज मी भरला, तेव्हा ही निवड जवळून पाहिली. भाड्याने राहणाऱ्यांना नोंदणीकृत भाडेकरार लागतो, नोटरीचा चालत नाही, आणि त्यांचा घरमालक कोणत्याच कागदावर सही करायला तयार नव्हता. त्याची मनधरणी झाली. मग उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मामलतदार कचेरीत दोन दिवसांची कामे बुडाली. सोडतीत नंबर लागला तो पाच किलोमीटरवरच्या शाळेत. पुस्तके-गणवेशासाठी सरकार वर्षाला ३,००० रुपये देते, पण वर्दीच्या, म्हणजे मुलांची शाळेत रोज ने-आण करणाऱ्या रिक्षाचे भाडे दर महिन्याला द्यावे लागे, आणि वहीत लिहून आलेल्या इंग्रजी सूचना घरात कोणालाच वाचता येत नसल्याने ट्यूशनही लावावी लागली. दीड वर्षाने ताईंनी मुलीला तिथून काढून चालत पाच मिनिटांवरच्या समितीच्या शाळेत घातले. पुढे २०२५ मध्ये गुजरातेत या प्रवेशांसाठीची उत्पन्नमर्यादा, जी शहरात दीड लाख होती, सहा लाख रुपये करण्यात आली. जागांचे प्रमाण तेच राहिले. कागदपत्रे सहज जमवू शकणारी कुटुंबे मात्र आता ताईंसारख्यांच्याच रांगेत उभी आहेत.

दुसरा दावा स्पर्धेने शाळा सुधारतात हा, आणि खरी गफलत इथेच आहे. साखर कोण विकत घेतो यावरून वाण्याकडच्या साखरेची गोडी बदलत नाही. शाळेचा निकाल मात्र वर्गात कोण बसले आहे यावर बराचसा ठरतो, कारण शिकलेल्या घरातले मूल अर्धा अभ्यास घरूनच करून येते. त्यामुळे शिकवणे सुधारण्यापेक्षा मुले निवडणे शाळेला स्वस्त पडते. प्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची चाळणी घेण्यास कायद्याच्या कलम १३ ने बंदी आहे. पण 'सहज ओळख करून घ्यायला' आईवडिलांना बोलावणे बंद झाले आहे, असे कोणीही प्रामाणिकपणे म्हणणार नाही.

चिलीत नेमके हेच मोठ्या प्रमाणावर घडले. तिथे १९८१ मध्ये लष्करी राजवटीने व्हाउचर आणले, शाळांना विद्यार्थी निवडण्याची मुभा राहिली आणि १९९३ नंतर अनुदानित खासगी शाळांना पालकांकडून व्हाउचरच्या वरून शुल्क घेणेही सोपे झाले. मध्यमवर्ग सरकारी शाळांतून निघून गेला. सिएह आणि उर्क्विओला या अर्थतज्ज्ञांच्या २००६ च्या अभ्यासात देशाची सरासरी गुणवत्ता वाढल्याचा पुरावा सापडला नाही. विद्यार्थ्यांची सामाजिक-आर्थिक थरांनुसार विभागणी तेवढी वाढलेली दिसली. अखेर २००८ मध्ये गरीब मुलांसाठी जादा अनुदान द्यावे लागले, आणि २०१५ च्या कायद्याने अनुदानित शाळांतली विद्यार्थ्यांची निवड, वरचे शुल्क आणि नफा या तिन्ही गोष्टी हटवायला घेतल्या. मजकुरात चिली १९८१ पाशीच थांबते, हे सोयीचे आहे. आपल्या शिक्षण हक्क कायद्याखालचे गुजरातचे २०१२ चे नियमही या बाबतीत बोलके आहेत. जुन्या खासगी शाळांना मान्यता देताना मुलांच्या प्रत्यक्ष पातळीला ३० टक्के आणि शाळेने घडवलेल्या प्रगतीला ४० टक्के भार दिला गेला. नुसता निकाल शाळेचे कर्तृत्व दाखवत नाही, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होते.

स्वीडनविषयी थोडक्यात. व्हाउचर आणणाऱ्या १९९२ च्या सुधारणेनंतरही तिथे वरचे शुल्क घेता येत नाही, हे मजकुरात नाही. तरीसुद्धा अनेक खासगी शाळा प्रतीक्षायादीच्या क्रमाने प्रवेश देतात, आणि माहितगार पालक मूल तान्हे असतानाच नाव घालून ठेवतात.

तिसरा दावा, खासगी शाळा तेच काम कमी पैशात करतात, हा मात्र मला पुष्कळसा मान्य आहे. आंध्र प्रदेशात सोडतीने व्हाउचर देऊन चार वर्षे केलेल्या प्रयोगात (मुरलीधरन आणि सुंदररामन, २०१५) खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळांच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी निघाला. सरकारी व्यवस्थेला हे लाजिरवाणेच आहे. पण त्याच प्रयोगात तेलुगू आणि गणितात व्हाउचरवाली मुले इतरांच्या पुढे गेली नाहीत. ठळक फायदा दिसला तो हिंदीत, जी सरकारी प्राथमिक शाळांत शिकवलीच जात नव्हती. शिवाय ही काटकसर मुख्यतः शिक्षकांच्या तुटपुंज्या पगारातून येते. म्हणजे खर्च वाचतो हे खरे, पण त्याने वर्गभेद मिटतो हे यातून सिद्ध होत नाही.

राहिले महाराज. 'त्यांनीही शिष्यवृत्त्या देऊन गुणी मुलांना पुढे जाऊ दिले, सगळ्यांसाठी शाळा काढत बसले नाहीत,' असे मजकूर म्हणतो. वस्तुस्थिती उलट आहे. १८९३ मध्ये त्यांनी अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो मुलामुलींसाठी संस्थानभर लागू केला. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांच्यापुढे उदाहरण होते ते बडोद्याचेच. मजकुरात ज्या शिष्यवृत्तीचा गौरव केला आहे, ती घेऊन १९१३ मध्ये अमेरिकेला गेलेले डॉ. आंबेडकर मॅट्रिक झाले होते ते मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून, आणि ती सरकारी शाळा होती.