‘नागपुरात पीसी तापणारच’ म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, म्हणून भाऊच म्हणतो. प्रोसेसर का तापतो या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “नागपुरात मे महिन्यात पीसी तापणारच, त्यासाठी एवढं पुराण कशाला? कॅबिनेटचं झाकण काढा, समोर कुलर लावा, विषय संपला. पेस्ट बदला, पेस्ट बदला म्हणत लोकांना खर्चात पाडू नका. पुस्तकी लोकांनी असले सल्ले देऊ नयेत.” (पेस्ट म्हणजे प्रोसेसर आणि त्यावरच्या हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांच्या ठोकळ्याच्या, मध्ये लावायचा लेप.) त्याखाली अंडरव्होल्टिंग (प्रोसेसरचा व्होल्टेज थोडा कमी करणं) आणि लिक्विड कुलर (द्रव फिरवून प्रोसेसर थंड करणारा) यांबद्दल दोन ओळी आहेत.

मतभेदाचं मला काही वाटत नाही. पण ‘पुस्तकी’ हे लागलं, आणि ते लपवणार नाही. सीताबर्डीतल्या एका दुकानाच्या पोटमाळ्यावर मी मशीनी उघडायला शिकलो, ते इंटेलच्या पेंटियम फोर प्रोसेसरचे दिवस होते. त्यातले २००४ साली आलेले ‘प्रेस्कॉट’ प्रोसेसर किती तापायचे, हे ज्यांनी तेव्हा हातात स्क्रूड्रायव्हर धरला त्यांना विचारा. पोटमाळ्यावर एसी नव्हता, पत्र्याचं छत होतं, आणि गिऱ्हाईक खाली उभं राहून ‘झालं का?’ म्हणून ओरडायचं. त्या जागी शिकलेल्या माणसाला पुस्तकी म्हणण्याआधी एक प्रश्न तरी विचारायचा होता. आणि खर्चाचं म्हणाल तर मी कुणाला पेस्ट विकत नाही. एक छोटी ट्यूब कित्येकदा पुरते.

एक गोष्ट मान्य करतो. लेख लांबला आणि झाकण काढून पाहण्याची गोष्ट पार तळाशी गेली. पण ती तिथे आहे. तुम्ही तिथवर पोहोचलात का, हा माझा सरळ प्रश्न आहे.

आता तुमचं पहिलं वाक्य, कारण सगळा घोळ त्यातच आहे. ‘नागपुरात तापणारच.’ मी इथलाच आहे भाऊ. २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता, ते दिवस मीही काढलेत. नवतपा काय असतो ते मला सांगू नका. पण हीटसिंकचा हिशेब साधा असतो. तो खोलीच्या हवेपेक्षा काही अंश जास्त गरम राहूनच उष्णता बाहेर टाकतो. खोली जेवढी तापेल, साधारण तेवढाच प्रोसेसर वर सरकतो. जानेवारीत २४ अंशांच्या खोलीत पूर्ण लोडवर, म्हणजे जास्तीत जास्त काम दिल्यावर, ६५ ला थांबणारा प्रोसेसर मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत ८०-८२ ला जायला हवा. बहुतेक इंटेल प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते, त्यामुळे ८२ ला काहीही बिघडत नाही. तोच प्रोसेसर १०० ला टेकून स्वतःचा वेग कमी करू लागला, तर वरचे अठरा अंश उन्हाळ्याचे नाहीत. ते कुठून आले, एवढंच मी शोधायला सांगत होतो. (एएमडीच्या रायझन ७००० मालिकेचे प्रोसेसर पूर्ण लोडवर ९५ पर्यंत जातात, ते मुळात तसेच बनवलेत. ज्यांच्याकडे ते आहेत त्यांनी घाबरू नये.)

आणि शोधायची रीत पेस्टपासून सुरू होत नाही. आधी तापमान किती वेगाने चढतं ते बघायचं. लोड दिल्याबरोबर चार-पाच सेकंदांत ९५ च्या वर उडी गेली, तर चिपची उष्णता हीटसिंकपर्यंत पोहोचतच नाहीये. प्रोसेसरवरचा कुलर (हीटसिंक आणि त्याचा पंखा) नीट बसलेला नाही, पेस्ट वाळलीय, किंवा त्याच्या तळाचं प्लास्टिक काढायचं राहिलंय. दहा-पंधरा मिनिटं हळूहळू चढत गेलं, तर संपर्क ठीक आहे आणि अडचण हवेची आहे: पात्यांत धूळ, पंखा मंद किंवा कॅबिनेटमधून गरम हवा निघायला वाट नाही. तुमचं झाकण इथे कामाला येतं. काढल्यावर आठ-दहा अंश उतरले तर दोष कॅबिनेटच्या हवेत. काहीच फरक पडला नाही तर दोष प्रोसेसरवरच्या कुलरच्या पात्यांत किंवा पंख्यात, नाहीतर कुलर आणि प्रोसेसरच्या मध्ये. म्हणजे झाकण काढणं ही तपासणी झाली. तुम्ही तिला इलाज म्हणून विकताय, माझा आक्षेप तिथे आहे.

सक्करदऱ्याकडे एका ताईंचं डीटीपीचं काम चालतं. ऐन लग्नसराईत, पत्रिकांची घाई असताना, त्यांचं मशीन दुपारी आपोआप बंद पडायचं. ज्याने पाहिलं त्याने हेच सांगितलं की ऊन आहे, झाकण काढा, कुलर लावा. ताईंनी दोन्ही केलं, तरी मशीन बंद पडतच होतं. मी लोड दिला तर बघता बघता ९८. हीटसिंकला बोट लावलं तर तो जेमतेम कोमट. प्रोसेसर ९८ आणि हीटसिंक कोमट, याचा अर्थ काय होतो ते तुम्ही सांगा. प्रोसेसरवरच्या कुलरच्या चार पिनांपैकी एक खटका न बसता वर आली होती. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, तुरीच्या दाण्याएवढी नवी लावली, समोरासमोरच्या पिना जोडीने दाबल्या, मदरबोर्डच्या मागून त्या पूर्ण आल्यात हे पाहिलं. त्याच दुपारी, त्याच खोलीत, पूर्ण लोडवर आकडा ८० च्या खाली आला. ऊन तेवढंच होतं.

तुमच्या त्या पाण्याच्या कुलरने त्या मशीनचं काय केलं तेही ऐका. ओल्या हवेने गरम भागांवर पाणी साचतं, ही भीती लोक उगाच घालतात, तसं होत नाही. पण त्या दमट हवेत आलेली धूळ पात्यांमध्ये घट्ट थापून बसते. ब्लोअर मारून ती निघाली नाही, प्रोसेसरवरचा कुलर उतरवून ब्रशने खरवडावी लागली. आणि खसच्या जाळीतून थेंब उडत असतील तर उघड्या मदरबोर्डसमोर तो कुलर ठेवा असं सांगणं बेजबाबदार आहे. हे लिहिताना मी शब्द सौम्य करणार नाही. वाचणाऱ्यांत असे लोक आहेत ज्यांचं पोट त्या एका मशीनवर आहे.

अंडरव्होल्टिंग चांगली गोष्ट आहे, पण ढिल्या पिनेवर ते औषध नाही. लिक्विड कुलरचं इथे कामच नाही.

तुमच्या मशीनबद्दल अजून बोलायचं असेल तर खोलीचं तापमान, काम नसताना प्रोसेसरचं तापमान, लोड दिल्यावर दहाव्या सेकंदाला आणि पंधराव्या मिनिटाला किती, आणि हेच आकडे झाकण काढून पुन्हा, एवढं लिहून पाठवा. मी प्रत्येक ओळीला उत्तर देईन. ‘पुस्तकी’ वगैरे पुन्हा लिहिलंत तर मात्र ती प्रतिक्रिया इथे ठेवणार नाही.