निम्मा पगार पेन्शन? आमच्या आण्णांचा हिशेब बघा

परवा भावकीच्या ग्रुपवर मेसेज आला: 'खासगी कामगारालाही शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन, दरवर्षी महागाईप्रमाणे वाढ, माणूस गेला की सगळी जमा वारसांना. मग फंड कशाला अडकवता? काढून घ्या!' गोकुळ शिरगावची नोकरी सोडून शिरोलीला लागलेला माझा चुलतभाऊ तो वाचून खरंच फॉर्म भरायला निघाला. म्हणून हे लिहितोय.

निम्म्याचं सूत्र खरं आहे, तेवढं मान्य. पीएफबरोबर चालणाऱ्या १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०, म्हणजे ३५ वर्षं भरली की निम्मा. पण इथं पगार म्हणजे हातात पडतो तो नव्हे. त्याला १५,००० ची मर्यादा आहे. चाळीस हजार मिळवणाऱ्याचाही 'निम्मा' साडेसात हजारच. शिवाय १ सप्टेंबर २०१४ आधीची वर्षं जास्तीत जास्त ६,५०० वर धरतात.

आमचे आण्णा फाउंड्रीत मोल्डर. उमेदीची वर्षं ठेकेदाराकडे गेली, तिथं फंड कापलाच नाही. कंपनीच्या हजेरीवर नाव लागलं सप्टेंबर २००१ ला, रिटायर झाले ऑगस्ट २०१९ ला. १३ वर्षं ६,५०० नं धरून १,२०७ रुपये, ५ वर्षं १५,००० नं धरून १,०७१. झाले २,२७८. शेवटचा पगार एकोणीस हजार होता. अठरा वर्षं भट्टीची धग सोसलेल्या माणसाला 'तुम्हाला निम्मा पगार मिळतोय की' असं ग्रुपवर सांगायचं? आण्णांनी तो मेसेज मला वाचून दाखवला आणि विचारलं, "माझं काही राहिलंय का रे मिळायचं?" काय सांगू त्यांना?

दरवर्षी वाढ? या पेन्शनला महागाई भत्ता जोडलेलाच नाही. किमान पेन्शन २०१४ ला हजार रुपये केली, ती दहा वर्षांनीही हजारच होती.

वारसांना पीएफची शिल्लक मिळते, मालकाच्या हिश्शातून पेन्शन खात्यात गेलेले पगाराचे ८.३३ टक्के मिळत नाहीत. मागं राहिलेल्या बायकोला साधारण निम्मी पेन्शन, बस्स.

आणि 'काढून घ्या' हा सल्ला तर घात करणारा. पेन्शनला किमान १० वर्षं लागतात, भावाची सात झालीत. पेन्शनचे पैसे काढले की ती सात वर्षं पुसली जातात. खातं नव्या कंपनीकडं वर्ग केलं, किंवा स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या वर्षांचा दाखला घेतला, तर तीच पुढं मोजली जातात. काल रात्री त्याच्याबरोबर बसून वर्ग करायचा अर्ज भरला. ज्यानं मेसेज टाकला त्यानं तो आजच काढावा. ग्रुपवर अजून चौघं नोकरी बदलायच्या बेतात आहेत.