तिकीट मशीनवरची चिल्लर

हाँगकाँगचं लोकशाही आंदोलन म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी अश्रुधूर येत नाही, आंदोलकांच्या छत्र्याही येत नाहीत. येतं ते मेट्रो स्टेशनातलं तिकिटाचं मशीन आणि त्यावर कुणीतरी ठेवून गेलेली चिल्लर.

जून २०१९. त्या शहरात मेट्रो, बस, दुकान, सगळीकडे ऑक्टोपस कार्ड चालतं. टेकवलं की झालं काम. पण आपण कुठे चढलो, कुठे उतरलो याची नोंद मागे राहते, आणि मोर्चाहून परतणाऱ्या पोरांना धास्ती त्याचीच होती. म्हणून त्या मशीनपुढे रांगा लागल्या. रोख पैसे, एका वेळचं तिकीट. ज्यांच्याकडे सुटे नाहीत त्यांच्यासाठी लोक मशीनवर नोटा आणि नाणी ठेवून जायचे. कुणी ठेवले, कुणी उचलले, कुणाला पत्ता नाही.

हे आठवतं म्हणूनच "शेवटी काय मिळवलं त्यांनी? चळवळ फसली, वर शहराची वाट लावली" असं कुणी सहज बोलून गेलं की मला मनापासून राग येतो. फसली म्हणजे लोकांनी साथ दिली नाही, असं म्हणायचंय का? मग नीट बघू.

मागणी मुळात साधी होती. हाँगकाँगच्या मूलभूत कायद्याच्या, म्हणजे तिथल्या राज्यघटनेच्याच, ४५व्या कलमात लिहिलंय की शहराचा प्रमुख सार्वत्रिक मतदानाने निवडणं हे अंतिम ध्येय आहे. पण ३१ ऑगस्ट २०१४ ला बीजिंगने सांगितलं, उमेदवार दोन किंवा तीनच आणि प्रत्येकाला आधी नामांकन समितीच्या निम्म्याहून जास्त सदस्यांचा पाठिंबा हवा. समिती बाराशे जणांची. म्हणजे मत तुमचं, उमेदवार आमचे. याला निवडणूक म्हणायचं? पोरं रस्त्यावर बसली. २८ सप्टेंबरला पोलिसांनी अश्रुधुराची ८७ नळकांडी फोडली, तरी ठिय्या ७९ दिवस चालला. अ‍ॅडमिरल्टीच्या हमरस्त्यावर तंबूंच्या मधोमध विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाची टेबलं मांडली होती. हाती तेव्हा काहीच लागलं नाही.

पाच वर्षांनी प्रत्यार्पणाचं विधेयक आलं. आरोपींना मुख्य भूमीवरच्या, म्हणजे चीनमधल्या, न्यायालयांच्या हवाली करता येईल, हे ऐकून शहर हादरलं. १५ जूनला सरकारने ते थांबवलं, पण रद्द केलं नाही. दुसऱ्या दिवशी आयोजकांच्या मते वीस लाख लोक रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या मते ३ लाख ३८ हजार. लोकसंख्या अवघी ७५ लाखांच्या घरात! त्या गर्दीत एक रुग्णवाहिका आली आणि माणसांचा तो पूर बघता बघता दुभंगला. गाडी गेली, पूर पुन्हा मिटला. तो व्हिडिओ मी कितीदा पाहिला असेन.

पुढे हिंसा झाली, तेही बोललं पाहिजे. नोव्हेंबरात आंदोलकांशी वाद घालणाऱ्या एका माणसाला पेटवून देण्यात आलं. दुसरीकडे विटांच्या फेकाफेकीत डोक्याला मार लागून सत्तर वर्षांचे एक सफाई कामगार गेले. याचं समर्थन मी करणार नाही. पोलिसांच्या वागण्याची स्वतंत्र चौकशी करा, ही आंदोलकांची मागणीही शेवटपर्यंत मान्य झाली नाही.

सरकार समर्थक म्हणायचे, गप्प बसलेली जनता आमच्या बाजूने आहे. मग त्याच महिन्यात, २४ तारखेला, ही गप्प जनता बोलली. जिल्हा परिषदांची निवडणूक. एरवी बसथांबे आणि कचऱ्यासारख्या बारीकसारीक कामांच्या या परिषदा, पण सकाळपासून रांगा. मतदान ७१ टक्के. १८ पैकी १७ परिषदा लोकशाहीवाद्यांकडे. जागांइतकी एकतर्फी मतं पडली नव्हती, हे खरं. पण साधारण ५७ टक्के म्हणजेही स्पष्ट बहुमतच ना?

लोकांनी कौल दिला होता. त्यानंतर काय बदललं असेल तर ते नियम. ३० जून २०२० च्या रात्री बीजिंगने केलेला राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू झाला, आणि त्याचा पूर्ण मजकूर लोकांना वाचायला मिळाला तो लागू होतानाच. जुलैत लोकशाहीवाद्यांनी आपले उमेदवार ठरवायला प्राथमिक मतदान घेतलं, सहा लाखांहून जास्त लोकांनी मत दिलं. ते घेतल्याबद्दल आणि त्यात उभं राहिल्याबद्दल याच कायद्याखाली ४७ जणांवर खटला झाला. २०२४ मध्ये ४५ जणांना शिक्षा झाली. कायद्याचे माजी प्राध्यापक बेनी ताई यांना दहा वर्षं. उमेदवार निवडायला मतदान घेतलं म्हणून दहा वर्षं!

आणि विधिमंडळात ९० पैकी थेट लोकांनी निवडायच्या जागा उरल्या २०, त्याही छाननीतून पार झालेल्या उमेदवारांसाठी.

या नव्या नियमांची पहिली निवडणूक १९ डिसेंबर २०२१ ला झाली. लोकांनी मतदानाला यावं म्हणून सरकारने त्या दिवशी मेट्रोचा आणि बसचा प्रवास फुकट ठेवला. तिकिटाला सुटे पैसेही लागणार नव्हते. लोक बाहेर पडलेही, बरेचसे फिरायला गेले. मतदान झालं ३०.२ टक्के.